सगळ्यांची मिळून एकच टूर? सेंट लुशियातला एक दिवस

मी क्रूझ शिपवर शोर एक्स्कर्शन डेस्कला काम करते. जहाज ज्या बेटाला लागतं तिथे दिवसभर काय करायचं, कुठली टूर घ्यायची हे पॅसेंजरला सांगायचं, बुकिंग करायचं आणि सकाळी धक्क्यावर उभं राहून प्रत्येकाला बरोबर बसमध्ये बसवायचं. बऱ्याच जणांना हे तिकीट खिडकीचं काम वाटतं पण तसं नाहीये. बेटावर आठ-नऊ तास मिळतात, त्यातले जाण्यायेण्यात किती जाणार, रस्ता कसा आहे, पायऱ्या किती, बाथरूम कुठे, उन्हात किती वेळ उभं राहायचं, हे सगळं बघून टूर घ्यायची असते आणि बहुतेक लोक घेतात ती फोटो बघून.

आणि आपल्या लोकांचं अजून एक असतं. सगळ्यांनी एकत्रच जायचं. सात जण असले तरी टूर एकच. मग आजोबांना झेपेल अशी घेतली की पोरं कंटाळतात, पोरांची घेतली की आजी दिवसभर कुठेतरी बाकावर पर्स सांभाळत बसलेली. मला हे बघवत नाही खरंच. इतक्या लांब आलेली बाई, परत कधी येणार ती इकडे?

तर हा किस्सा डिसेंबर २०२४ चा, नाताळच्या सुट्टीतला. जहाज फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलवरून निघालेलं, कॅरिबियनची बेटं करत, त्या दिवशी सेंट लुशिया आणि दुसऱ्या दिवशी सेंट किट्स. न्यू जर्सीचं एक मराठी कुटुंब होतं, मुलगी, जावई, दोन मुलं, आणि पुण्याहून आलेले मुलीचे आईवडील. जावयांनी सगळ्यांसाठी सूफ्रिएरची पूर्ण दिवसाची टूर बुक करून ठेवलेली.

नकाशा थोडा डोळ्यासमोर आणा म्हणजे पुढचं कळेल. जहाज लागतं कॅस्ट्रीजला, म्हणजे बेटाच्या वायव्येला. पण सेंट लुशियाच्या जाहिरातीत जे दोन टोकदार डोंगर दिसतात ते पिटॉन, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, ते आणि गरम वाफांचे सल्फर स्प्रिंग्स, म्हणजे तिथला ज्वालामुखी, हे सगळं खाली नैऋत्येला सूफ्रिएरजवळ. पश्चिम किनाऱ्याने रस्ता जातो, मॅरिगो बे, आन्स ला रे, कॅनरीज करत करत, आणि तो रस्ता म्हणजे आपला वरंध घाट समजा, एक वळण संपतंय तोवर दुसरं. सव्वा ते दीड तास जायला, तेवढाच यायला. ज्यांना गाडी लागते त्यांना मी कॅटामरानने, म्हणजे जोड-बोटीने, जा असं सांगते, कारण तो किनारा वाऱ्याच्या आडोशाला आहे, समुद्र बहुतेक वेळा शांत असतो आणि पिटॉन पाण्यातून दिसतात तसे रस्त्यावरून दिसत नाहीत.

आदल्या दिवशी संध्याकाळी आजोबा एकटेच डेस्कवर आले. माझा नेमटॅग वाचला आणि लगेच मराठीत, "अगं, एक विचारू का, जावयांना सांगू नकोस. ते क्रिकेटचं ग्राउंड इथून लांब आहे का?"

डॅरन सॅमी ग्राउंड. ग्रोज आयलेटला, कॅस्ट्रीजच्या उत्तरेला, टॅक्सीने अर्धा तास, म्हणजे सूफ्रिएरच्या बरोबर उलट्या दिशेला. आधी त्याचं नाव बोसेजूर स्टेडियम होतं, २०१६ ला वेस्ट इंडीजने टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कॅप्टन सॅमीचं नाव दिलं, सेंट लुशियातून वेस्ट इंडीजकडून खेळलेला तो पहिलाच. हे मला आजोबांनी सांगितलं, मी त्यांना नाही. रैनाची २०१० ची सेंच्युरी इथलीच, आणि त्याच वर्षी, २०२४ च्या जूनमध्ये रोहितने ऑस्ट्रेलियाला ४१ बॉलमध्ये ९२ मारले तेही इथेच, स्टार्कच्या एका ओव्हरमध्ये २९. बोलताना हात असे काउंटरवर, डोळे चमकत होते नुसते. त्यांना डायबेटीस आणि बायपास झालेली. सात तासांची बस आणि त्यात घाट, त्यांना नकोच होतं ते, फक्त घरात वाद नको म्हणून गप्प.

मी म्हटलं आजोबा आमची तिथे टूर नाही पण धक्क्यावर लायसन्सवाल्या टॅक्सी असतात, भाडं आधी ठरवून घ्या, आत सोडतील की नाही ते सांगता येत नाही. ग्राउंडनंतर जवळच पिजन आयलंड आहे, सपाट भागात फिरा, किल्ल्यावर चढू नका. आणि आजींना काय बघायचंय?

"तिला तो ज्वालामुखीच बघायचाय. तिथे मात्र ती ऐकायची नाही."

मग मी आजींशीच बोलले. आजी शाळेत भूगोल शिकवायच्या, आख्खी नोकरी त्यात गेली. ज्वालामुखीचा उभा छेद फळ्यावर कितीदा काढला असेल त्यांनी, पण जिवंत कधी बघितलाच नाही. मला म्हणाल्या, "आपला महाराष्ट्र बहुतेक सगळा लाव्ह्याचाच गं, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. मला गरम बघायचाय." गुडघे दुखतात पण चालतात व्यवस्थित. सल्फर स्प्रिंग्सला गाडी जवळपर्यंत जाते, पुढे थोड्या पायऱ्या आणि लाकडी प्लॅटफॉर्म. पूर्वी म्हणे अगदी कडेपर्यंत जाऊ द्यायचे, मग एका गाईडच्या पायाखालचं कवच फुटून तो आत गेला, चांगलाच भाजला, तेव्हापासून लांबूनच बघायचं. म्हणजे आजींना अगदी जमण्यासारखं. आणि मुलांना विचारलं तर त्यांना झिपलाईन हवी होती, जी बाबोनोच्या जंगलात, म्हणजे अजून तिसरीकडे.

जावयांना हे पटेना. "आम्ही एकत्र आलोय ना, मग तीन दिशांना कशाला जायचं? आई एकट्या कशा जातील?" मी त्यांना सगळ्यांच्या वेळा कागदावर लिहून दाखवल्या, कोण किती वाजता परत येतं ते. शेवटी आजीच म्हणाल्या, "अहो मी साठ-साठ पोरं घेऊन रायगडला सहली नेल्यात, मला काय होतंय." तेव्हा कुठे बुकिंग बदललं. सकाळी धक्क्यावर मी आजींच्या कुडत्याला बसच्या नंबरचा स्टिकर लावला, पुढची सीट दिली आणि गाईडला सांगून ठेवलं की ह्यांच्याकडे लक्ष दे आणि ह्यांचे प्रश्न संपणार नाहीत ह्याची तयारी ठेव.

दुपारी एकच्या सुमाराला दक्षिणेकडचे डोंगर काळे झाले. डिसेंबरात तिकडे तसा पाऊस ओसरत आलेला असतो पण भरवसा नाही, २०१३ च्या नाताळात तिथे एका रात्रीत पूर आले होते, लोक अजून त्याची आठवण काढतात. आमच्याकडे कॅस्ट्रीजला नुसतं टिपटिप. दोननंतर गाईडचा फोन. कॅनरीज आणि आन्स ला रेच्या मध्ये दरड आली, झाडासकट माती रस्त्यावर, गाड्या दोन्हीकडून अडकल्यात, आमची बस पलीकडे सूफ्रिएरच्या बाजूला. सगळे ठीक आहेत.

ऑल अबोर्ड, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत यायची वेळ, साडेपाचला होतं.

अशा वेळी काय करतात ते सांगते. दुसरा रस्ता आहे, सूफ्रिएरवरून खाली दक्षिणेला व्यू फोर, तिथून पूर्व किनाऱ्याने वर डेनरी आणि मग बार द लील नावाचा डोंगर ओलांडून कॅस्ट्रीज. अडीच तास धरा, आणि त्या डोंगरातही पावसात दरडी येतात. तिकडे अडकले तर ना इकडचे ना तिकडचे. तिथल्या टूर ऑपरेटरने दहा मिनिटांत ठरवलं की बस परत सूफ्रिएरला न्यायची आणि जेटीवरून बोटीने माणसं आणायची. त्या लोकांना हे सुचायला वेळ लागत नाही, २०१० ला टोमास वादळात रस्ते गेले तेव्हा सूफ्रिएरचा जमिनीवरून संबंधच तुटला होता, सामान, माणसं सगळं समुद्रातून. आमच्या मॅनेजरने ब्रिजला, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांना कळवलं, पोर्ट एजंटला कळवलं. जहाजाच्या स्वतःच्या टूरवर असलेल्या माणसांसाठी जहाज थांबतं. बाहेरून टॅक्सी करून गेलेल्यांसाठी थांबेलच असं नाही, सिक्युरिटीवाले त्यांच्या केबिनच्या तिजोरीतून पासपोर्ट काढून एजंटकडे देतात आणि पुढच्या बेटावर कसं यायचं ते त्यांचं त्यांनी बघायचं. हे मी रोज सांगते डेस्कवर.

आजोबा तोवर परत आलेले होते. वॉचमनने त्यांना आत स्टँडमध्ये पंधरा मिनिटं बसू दिलेलं, फोटो दाखवायला म्हणून ते मलाच शोधत होते आणि मला त्यांना हे सांगावं लागलं. ते काही बोलले नाहीत, गँगवेजवळच्या तंबूत खुर्ची होती त्यावर बसले. आत जाऊन एसीत बसा म्हटलं तर मान हलवली फक्त. थोड्या वेळाने मुलगी, जावई, पोरं झिपलाईनवरून आले चिखलाने भरलेले, आणि जावई सरळ माझ्यावर, "तुम्ही वेगळं करायला लावलंत म्हणून आई तिकडे एकट्या अडकल्यात."

मला वाईट वाटलं पण मी त्यांना एवढंच म्हटलं की त्या एकट्या नाहीयेत, बसमध्ये बाकीचे आहेत, गाईड आहे. आणि मनात आलं की हे सहाही जण त्या बसमध्ये असते तर आजोबा आत्ता उपाशी, औषधाशिवाय घाटात बसलेले असते. ते बोलले नाही. घाबरलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो.

मी गाईडला परत फोन लावला आणि म्हटलं आजींना दे. आजींचा आवाज खणखणीत. "अगं आम्ही मजेत आहोत! पाणी काळं आहे काळं, उकळतंय, लोह आणि गंधकाने होतं ते. ह्यांना दे बरं फोन." मी फोन आजोबांना दिला. पलीकडून काय आलं ते मला शेजारी उभं राहून ऐकू आलं, "दुपारची गोळी घेतलीत का? जेवलात का? मग आधी जेवा, मी येतेच." आणि फोन ठेवला त्यांनी. आजोबा उठले आणि नातवाला म्हणाले चल रे, सँडविच आण काहीतरी. तेव्हा कुठे मला धड श्वास घेता आला.

बोट सुटायला उशीर झाला कारण जेटीवर लाटा आपटत होत्या आणि वयस्कर लोकांना एकेकाला हात धरून उतरवावं लागलं. साडेपाच वाजून गेले. सिक्युरिटीच्या स्क्रीनवर कोण बाहेर आहे ते दिसतं, कार्ड स्वाइप होतं ना जाता-येता, त्यात आमच्या बसचे सगळे लाल. जहाज बंदरातून बाहेर काढणारा पायलट येऊन थांबलेला. वरच्या डेकवरून लोक धक्क्याकडे बघत होते, काही जण चिडलेले, साहजिक आहे. तेवढ्यात एक जोडपं धावत आलं, ते खासगी व्हॅनने गेलेले आणि दक्षिणेकडून पूर्ण वळसा घालून आले, घामाघूम. जहाज आमच्या बसमुळे थांबलेलं म्हणून त्यांना मिळालं. ती बाई आत जाताना रडतच होती.

सहाच्या पुढे हार्बरच्या तोंडाशी बोट दिसली. पॉइंट सेराफीनच्या धक्क्याला लागली तसे आम्ही सगळे डेस्कवाले पुढे गेलो, ब्लँकेटं, पाणी घेऊन. आजी तिसऱ्या-चौथ्या होत्या. कुडत्याला स्टिकर तसाच, केस वाऱ्याने उडालेले, आणि हातावर मनगटापासून कोपरापर्यंत राखाडी चिखल वाळलेला, तिथल्या मड बाथचा, पुसलाच नव्हता त्यांनी. जावई पुढे झाले, म्हणाले आई तुम्हाला त्रास झाला ना फार. त्यावर आजी म्हणाल्या, "त्रास कसला, बसमध्ये बसून दोन तास काय करायचं म्हणून मी त्यांना प्लेट टेक्टॉनिक्स समजावून सांगितलं. अटलांटिकची प्लेट कॅरिबियनच्या खाली जाते म्हणून ही बेटं अशी कमानीत आहेत, हे कोणाला माहीतच नव्हतं. सेंट व्हिन्सेंटचा २०२१ ला फुटला तोही ह्याच ओळीतला." मागून येणारा एक अमेरिकन माणूस म्हणाला शी वॉज ग्रेट. आजोबा तेवढ्यात फोन पुढे करून, हे बघ, पॅव्हेलियन, आणि ह्या बाजूला रोहितचा सिक्स गेलेला. दोघं एकाच वेळी बोलत गँगवेवर चढले, कोण कोणाचं ऐकत होतं देव जाणे.

जहाज तासाभराने उशिरा सुटलं. मला मग रिपोर्ट लिहायचा होता, बोटीचा खर्च, गाईडचे जबाब, कोणाला काही लागलं का, आणि दुसऱ्या दिवशीच्या सेंट किट्सच्या बसची यादी तशीच पडलेली.

रात्री डेस्क बंद करायच्या वेळी जावई आले. दुपारचं काही बोलले नाहीत आणि मीही काढलं नाही. हातात सेंट किट्सचं पत्रक, त्यावर पेनाने प्रत्येकासमोर काहीतरी लिहिलेलं. विचारलं, ती जुनी उसाची रेल्वे आहे तिच्यात टॉयलेट आहे का, आणि ब्रिमस्टोन हिलच्या किल्ल्यावर चढ किती आहे, आईंना किल्ला बघायचाय, बाबा गाडीतच बसणार म्हणतायत, मुलांना बीच. मी सांगितलं की रेल्वेत टॉयलेट आहे, वरचा मजला बाजूंनी उघडा आहे, वर छत आहे म्हणून ऊन लागत नाही पण वारा खूप, आणि किल्ल्यावर शेवटचा टप्पा चढाचा आहे, आजींना म्हणावं सावकाश चढा आणि पाणी जवळ ठेवा. तीन वेगळी तिकिटं काढली.