तुम्ही विचारलंत म्हणून: चूक चालते, तर तालीम कशाला?

"तुमच्या इम्प्रोव्हमध्ये चूकच नसते म्हणता, मग तालीम कसली करता?" इम्प्रोव्हचा, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी रचलेल्या नाटकाचा, प्रयोग संपला की कुणीतरी हे विचारतंच, वर हसतंही.

चूक असते हो. प्रेक्षकांना ती आमच्याआधी दिसते. 'चूक म्हणजे संधी' हे वाक्य वर्गात मीही पुष्कळ वापरलंय. आता ते अर्धवट वाटतं. चुकणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. संधी समोरच्याला असते, तीही दोन-तीन सेकंद.

साहेब आणि शिपाई असा प्रवेश घ्या. शिपाई झालेल्या नटाच्या तोंडून निघून जातं, "बस ना, उभा का?" तो ओशाळून हसला, की पात्र संपलं, नट उरला. "मला अरेतुरे करतोस?" म्हणून साहेब ओरडला, तर एक हशा मिळतो आणि पुढे नुसतं भांडण. कानाआड केलं, तर प्रेक्षक पुढच्या चुकीची वाट बघत बसतात. चौथी वाट: साहेब निमूट बसतो. झालं, स्टेटस, म्हणजे कोण वरचढ आणि कोण खालचा हे, उलटलं. इम्प्रोव्ह शिकवणाऱ्या कीथ जॉनस्टनने १९७९च्या 'इम्प्रो' या पुस्तकात मालक-नोकर जोडीवर एवढा भर दिला, तो उगाच नाही.

आता विंगेतल्या तिसऱ्याने फाईल घेऊन यायचं. तो आत येताच शिपाई ताठ: "साहेब, सही." तो गेला की "पाय खाली घे." नियम तयार झाला: दार बंद असताना तू, उघडलं की साहेब. हे तीनदा खेळायचं, दर वेळी हुकूम मोठा आणि दार बंद राहण्याचा वेळ कमी. तिसऱ्यांदा दार अर्धवट उघडं राहतं, दोघांनाही कळत नाही कसं बोलायचं, आणि तिथेच कुणीतरी नटांच्या समोरून धावत जाऊन प्रवेश कापायचा, म्हणजे संपवायचा. "आम्ही शाळेतले मित्र" असा खुलासा मध्येच कुणी केला, तर सगळं मेलं. हमखास करतात.

तालीम असते ती याची. समोरच्याच्या शेवटच्या शब्दापासून आपलं वाक्य सुरू करायचं, पाच मिनिटं सलग. अडखळलं की दोन्ही हात वर करून, वाकून सलामी द्यायची, म्हणजे खांदे आक्रसायची सवय जाते. कंटाळवाणं आहे. पण कान तयार नसेल, तर निसटलेलं 'बस ना' ऐकूच येत नाही.

मुद्दाम चुकणं? डोळ्यांत दिसतं. आणि मारामारीत हात खरंच पिरगळला गेला, तर संधीबिंधी काही नाही, प्रवेश थांबवायचा.

तरी एक गोष्ट अडतेच. कधी नट ओशाळून हसतो, प्रवेश कोलमडतो आणि रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तिथेच येतो. तालमीत मी त्याला चूकच म्हणतो. प्रेक्षक बाहेर पडताना नेमकं तेच एकमेकांना सांगत असतात.