आभारप्रदर्शन आणि सतरंजीचं टोक

आमच्या मंडळाचं स्नेहसंमेलन दर वर्षी सुट्ट्या लागायच्या आदल्या संध्याकाळी असायचं. गाणी, नाटुकली, बक्षिसं, अध्यक्षांचं लांबलेलं भाषण आणि शेवटी आभारप्रदर्शन. तो शब्द माइकवर आला की निम्मं सभागृह चपला शोधायला उठे. मीही त्यातलाच.

एका वर्षी ते काम माझ्याच गळ्यात पडलं. चार घड्या घातलेला कागद उघडला आणि आगगाडी सोडली. देणगीदार, प्रमुख पाहुणे, कार्यकारिणी आणि 'ज्ञात-अज्ञात हातांनी मदत करणारे सर्व जण'. नेमकी तेव्हाच मान वर केली, तर मागच्या बाजूला एक काका एकटेच सतरंजी गुंडाळत होते. दुपारपासून खुर्च्या त्यांनीच मांडल्या होत्या. माइकची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टीही त्यांनीच मारली होती. यादीत त्यांचं नाव नव्हतं. लाजिरवाणी गोष्ट अशी, की मलाही ते ठाऊक नव्हतं. सगळ्यांसाठी ते नुसते 'काका'. मी खाली उतरून नाव विचारलं, परत वर गेलो, तोवर माइक बंद झालेला! मग तसाच ओरडून त्यांचे आभार मानले. काका म्हणाले, "अहो, ते राहू द्या. हे टोक धरा."

पुढच्या वर्षी आम्ही चिठ्ठ्यांचा डबा ठेवला. अट एकच: नुसतं 'धन्यवाद' चालणार नाही, समोरच्यानं काय केलं ते लिहायचं. सुरुवातीला मोठी माणसं फार अवघडली. नाटकी वाटेल, कशाला उगाच, वगैरे. पुढे अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानवी वर्तनाच्या अभ्यासकांचं 2018 चं संशोधन वाचनात आलं, तेव्हा हेच चेहरे आठवले. आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं, वाचणारा संकोचेल. प्रत्यक्षात वाचणारा लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा कमी संकोचतो आणि जास्त सुखावतो.

उत्साहाच्या भरात एका सुट्टीत मी रोज कृतज्ञतेची वहीही लिहून पाहिली. आठवड्याभरात यादी ठरून गेली: तब्येत, घरचे, घरचे, तब्येत. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा असं लिहिणाऱ्यांना फरक जाणवला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. पटलं. रोज रोज केलं की त्याचंही आभारप्रदर्शन होतं.

डब्याचं तसं झालं नाही, कारण तो वर्षातून एकदाच उघडायचा. एका मुलानं लिहिलं होतं, 'तिसऱ्या वाक्याला मी कोरा झालो होतो, तुम्ही विंगेतून पुढचा शब्द सांगितलात.' ज्या बाईंना ती चिठ्ठी मिळाली, त्यांना तो प्रसंग आठवतही नव्हता.

काकांच्या नावाची चिठ्ठी दुसरीतल्या अक्षरात होती: 'तुम्ही वायरला पट्टी लावली म्हणून मी नाचताना पडले नाही.' काकांनी ती हात लांब धरून वाचली. मग परत वाचली. घडी घालून वरच्या खिशात ठेवली, खिशावरून एकदा हात फिरवला आणि सतरंजीचं दुसरं टोक माझ्याकडे सरकवलं.