मोठ्या जाऊबाईंचं अडलेलं वजन

बेरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशनांच्या ओपीडीत मी आहारतज्ज्ञ आहे. ‘मॅडम, वजन अडलंय’ हे वाक्य मी इथं जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. त्यावर आम्हा लोकांकडे दोन उत्तरं तयार असतात. रुग्ण गुणी असेल तर ‘धीर धरा’, जरा तिरका असेल तर ‘तुम्ही काहीतरी खाताय’. दोन्ही अर्ध्या मिनिटात उरकतात, म्हणून तर चालतात.

त्या सोमवारी पहिला नंबर एका तरुणाचा होता. स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन, होऊन तीन आठवडे झालेले. सुरुवातीला काटा भराभर खाली आला आणि आता आठवडाभर जागचा हलत नव्हता. त्याला मात्र ‘धीर धरा’ हेच उत्तर बरोबर होतं. ऑपरेशनच्या आगेमागे पातळ आहार चालू असतो, तेव्हा शरीर यकृतातलं आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, वापरून टाकतं. एक ग्रॅम ग्लायकोजेन साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं, तेही त्याच्याबरोबर जातं. म्हणजे पहिल्या काही किलोंत पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे आहार थोडा वाढला की तो साठा थोडाफार भरतो, पाणी परत येतं, आणि आत चरबी कमी होत असली तरी काटा ढिम्म. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास हे इतक्या जणांचं होतं की आम्ही आता ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवतो. ते कुणाच्या लक्षात राहत नाही, ही गोष्ट वेगळी. रोज काट्यावर चढू नकोस, आठवड्यातून एकदा एका ठरावीक वेळी वजन कर, एवढं सांगून त्याला पाठवला.

मग दोघी जावा आत आल्या.

दोघींचं स्लीव्ह सहा महिन्यांपूर्वी एकाच आठवड्यात झालेलं. धाकटी ३८ वर्षांची, १३४ किलोंवरून ९८ वर आलेली. मोठी ५२ वर्षांची, ११२ वरून ९५ वर. एकीचे ३६ किलो गेले, दुसरीचे १७. धाकटीचे कपडे दोनदा आत घेऊन झाले होते. घरात मुद्दाम कुणी टोचून बोलत नसेलही, पण येणारा-जाणारा एकीचंच कौतुक करत असला की दुसरीला ते लागतंच.

“मॅडम, डॉक्टर तेच, ऑपरेशन तेच. मग माझंच का उतरत नाही? माझं फेल गेलं का?”

मी आधी नेहमीचा हिशेब मांडला. किलोला किलो लावायचा नसतो, मूळ वजनाच्या किती टक्के गेलं ते बघायचं असतं. ज्याचं मुळात जास्त, त्याचे किलोही जास्त जातात. पण टक्केवारी काढली तरी धाकटीचे २७ आणि मोठीचे १५ आले. मोठ्या जाऊबाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात सरासरी मूळ वजनाचा पाव हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त जातो, आणि त्यातला बराचसा पहिल्या सहा महिन्यांतच. त्या मानाने १५ कमीच होते. वय जास्त, त्यात १४ वर्षांचा मधुमेह; अशा रुग्णांचं वजन हळू उतरतं हे खरं आहे. पण खरं कारण सापडलं म्हणून ते पुरेसं कारण असतंच असं नाही. अशा वेळी वयावर खापर फोडून फाइल मिटवायचा मोह होतो.

डायरी बघितली. अशी डायरी मला क्वचित बघायला मिळते. तीन वेळचं खाणं मोजून लिहिलेलं. प्रोटीन रोज ६५ ते ७० ग्रॅम. पाणी घोट घोट, दिवसाला दीड लिटर, आणि जेवणानंतर अर्धा तास पाण्याला हात नाही. सगळं मिळून ९०० कॅलरीच्या आसपास. ही डायरी खरी असेल तर वजन खोटं ठरत होतं, आणि वजन तर आत्ताच डोळ्यांदेखत केलं होतं.

खटकलं ते चालण्याच्या रकान्यात. पहिले तीन महिने संध्याकाळी ४० मिनिटं चालणं होतं. चौथ्या महिन्यापासून वेळ बदलून सकाळ झाली होती, तीही न्याहारीनंतर लगेच आणि जेमतेम २० मिनिटं.

“संध्याकाळचं का बंद केलंत?”

“गळून जातं हो तेव्हा. हातपाय थरथरतात. अशक्तपणा असणार.”

एवढं बोलून झालं आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसला. डोक्यावर पंखा चालू होता. मी कागदावर तारखा लिहायला सांगितल्या होत्या, तर पेन धरलेली बोटं हलत होती आणि अक्षर तिरकं जात होतं. डावा हात पर्समध्ये गेला. त्यांनी जावेकडे बघितलं आणि हात रिकामाच बाहेर काढला.

सिस्टरला हाक मारली, बोटाला सुई टोचून साखर बघितली. ५४. सत्तरच्या खाली गेली की आम्ही थांबत नाही. १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून लगेच दिलं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासलं. ८१. तेवढ्या वेळात धाकटी जाऊ त्यांचे हात चोळत बसली होती.

मग मी पर्स उघडायला सांगितली. एक छोटी डबी, त्यात चघळायच्या गोड गोळ्या. ग्लुकोजच्या दोन पुड्या. बिस्किटांचा अर्धा पुडा, रबर लावून नीट बांधलेला.

“हे डायरीत कुठंच नाही, ताई.”

“ते खाणं थोडंच आहे? चक्कर येऊ नये म्हणून घेते. चक्कर यायच्या आधीच घेते आता, म्हणजे येतच नाही. आज नंबर लागायला उशीर झाला, सगळ्यांसमोर कसं खाऊ?”

“वहिनी, मला तरी सांगायचं!” धाकटी म्हणाली. ती रडायच्या बेतात होती.

त्यांनी काही लपवलं होतं असं मला आजही वाटत नाही. वजन उतरत नसलेल्या बाईच्या पर्समध्ये गोड सापडलं की जग काय म्हणेल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आमच्यातलेही काही जण तेच म्हणाले असते.

पर्समध्ये आणखी एक पिशवी होती, औषधांची. डिस्चार्ज कार्डावर मधुमेहासाठी एकच गोळी होती, मेटफॉर्मिन. पिशवीत निघाली जोडगोळी, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र. चौथ्या महिन्यात त्यांना ताप आला होता. ज्या दवाखान्यात दाखवलं तिथं साखर वाढलेली निघाली, जी तापात वाढतेच, आणि जुन्या कागदावरची गोळी पुन्हा सुरू झाली. ताप गेला, गोळी राहिली.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही पोटभर जेवलात की चार घास, त्याला देणंघेणं नसतं. पूर्वीच्या आहारावर ते ठीक होतं. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढलेला असतो, खाणं एकदम घटतं आणि शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद द्यायला लागतं. साखर तर वजन फारसं उतरायच्या आधीच सुधारू लागते. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर पोरीज यांनी १९९५ साली गॅस्ट्रिक बायपास (जठराचा बराचसा भाग वगळून अन्न थेट लहान आतड्यात नेणारं ऑपरेशन) केलेल्या ६०८ रुग्णांचा अनुभव मांडला, तेव्हापासून शल्यचिकित्सेकडे मधुमेहाचा उपचार म्हणून बघितलं जाऊ लागलं. म्हणूनच अशा गोळ्या आम्ही ऑपरेशननंतर बंद करतो किंवा खूप कमी करतो. त्या जुन्या मापाने चालू राहिल्या की दुपारनंतर साखर कोसळते. ती कोसळली की भूक लागते, आणि एकदा-दोनदा हा अनुभव आला की माणूस भीतीपोटी आधीच खाऊन ठेवतो. स्लीव्हनंतर प्रोटीनचे चार घास पोट भरतात. साखरपाणी आणि विरघळणारं बिस्कीट मात्र सरळ खाली सरकतं, पोट भरल्याची जाणीवही होत नाही. मी त्यांच्याबरोबर आदल्या दिवसाचा हिशेब केला. डायरीच्या ९०० वर जवळजवळ ४०० कॅलरी निघाल्या. शिवाय या जातीच्या गोळ्यांनी वजन वाढतं, ते निराळंच.

आमच्या फिजिशियननी ती गोळी त्याच दिवशी बंद केली. पण त्यांचा एक प्रश्न शिल्लक होता. या ऑपरेशनांनंतर काहींना गोडधोड खाल्ल्यावर तासा-दोन तासांनी साखर उतरते, ते गोळीमुळे नसतं. बायपासनंतर ते जास्त ऐकू येतं, पण स्लीव्हनंतरही होतं. म्हणून पुढचे काही दिवस खाण्याआधी आणि नंतर साखर तपासून लिहायला सांगितली. गोळी गेल्यावर एकदाही साखर सत्तरच्या खाली आली नाही, तेव्हा ती शंका मिटली. संध्याकाळचं चालणं परत सुरू झालं. स्नायू टिकावेत म्हणून आठवड्यातून तीनदा हलकी वजनं उचलायलाही मी सांगितलं. त्याचा त्यांना मनापासून कंटाळा आहे आणि तो त्या लपवत नाहीत.

यानंतर वजन धबधब्यासारखं उतरलं असं काही झालं नाही. नवव्या महिन्यात ८८ किलो भरलं. १५ टक्क्यांचे २१ झाले. धाकटी तोवर ९१ वर होती, म्हणजे ३२ टक्के. मोठ्या जाऊबाईंचा वेग कमीच आहे आणि बहुधा कमीच राहील, कारण वय आणि जुना मधुमेह काही पिशवीतून काढून टाकता येत नाहीत. मात्र एकट्या मेटफॉर्मिनवर त्यांची साखर आता आटोक्यात आहे, आणि जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही हे त्यांनी मला न विचारता सांगितलं.

त्या भेटीत मला जास्त काळजी वाटली ती धाकटीची. केस मूठमूठ जात होते. ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत केस गळणं नेहमीचंच, ते पुढे उगवतातही. पण नवव्या महिन्यातही थांबेना तेव्हा मी तिची डायरी मागितली. डायरी नव्हतीच. विचारत विचारत गेले तर प्रोटीन ३५ ग्रॅमच्या वर जात नव्हतं. व्हिटॅमिनच्या आणि लोहाच्या गोळ्या तिनं दोन महिन्यांपूर्वीच सोडल्या होत्या. “वजन उतरतंय की छान, मग कशाला?” फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं, ते बरंच खाली होतं. सहा महिने प्रत्येक जण तिची पाठ थोपटत होता, त्यामुळे तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. काटा वेगाने उतरत असला की गोळ्या चालू आहेत का हे बघायचं कुणाला सुचत नाही. आमच्याकडे आता प्रत्येक फॉलोअपला, वेग कसाही असो, औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायची असा शिरस्ता आहे.

धाकटीला पंधरा दिवसांनी बोलावलं, मोठ्या जाऊबाईंना तीन महिन्यांनी. कार्डावरच्या दोन्ही तारखा त्यांनी चष्मा लावून नीट वाचल्या.

“म्हणजे मी पास ना, मॅडम?”

“तुमचा बी-१२चा रिपोर्ट अजून यायचाय, ताई.”