नकाशात हिरवं दिसलं म्हणजे जंगल असेलच असं नाही

आज दुपारभर ग्लोबल फॉरेस्ट वॉच, म्हणजे उपग्रहातून जगभरची झाडं दाखवणारं संकेतस्थळ, उघडून आमचा सिंधुदुर्गातला दोडामार्ग न्याहाळत बसलो. मेरीलँड विद्यापीठाच्या मॅथ्यू हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अख्ख्या जगाच्या वृक्षाच्छादनाचा नकाशा केला, त्यावर हे उभं आहे. २००८ मध्ये लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं फुकट झाली म्हणून हे जमलं, नाहीतर एवढे पैसे कोण घालणार! एक ठिपका म्हणजे साधारण ३० मीटरचा चौकोन. पाच मीटरपेक्षा उंच झाडोरा असला की तो वृक्षाच्छादनात धरायचा.

झाड कुठलं, हे मात्र नकाशा विचारत नाही. देवराईतला जुनाट सातवीण हिरवा, आणि पलीकडच्या डोंगरावर ओळीत उभं असलेलं, बुंध्याला चिकासाठी वाटी बांधलेलं रबरही हिरवंच. उलट म्हातारी काजूची बाग तोडून नवी कलमं लावली, तर जंगलतोडीसारखाच गुलाबी डाग.

काकांना दाखवलं. म्हणाले, "वरसून कित्याक बघतंस? माका इचार."

लागवडींचा वेगळा थरही आहे म्हणे त्यात. रात्री तो लावून काकांनाच शेजारी बसवतो.