"तिकडे सगळं चालतं ना हो?"

नेदरलँड्समध्ये राहतो म्हटलं की गावाकडून अमली पदार्थांबद्दलचा हा प्रश्न येतोच. मुलगा किंवा मुलगी इकडे शिकायला निघाली की आईवडील तो जरा दबकत विचारतात, आणि मुलं स्वतः विचारतात तेव्हा आवाजात उत्साह असतो.

तर, नाही चालत. कॉफीशॉप म्हणजे इथली गांजा विकणारी दुकानं, पण तिथला गांजासुद्धा कायदेशीर नाही, थोड्या प्रमाणात असला तर काणाडोळा करतात एवढंच. एक्स्टसी, कोकेन, स्पीड (ॲम्फेटामिन) हे सगळं थेट कडक बंदीच्या यादीत. मिळतं मात्र सर्रास. जगभर जाणाऱ्या एक्स्टसीच्या गोळ्यांचा मोठा वाटा याच देशात, दक्षिणेकडच्या शेतांवरच्या गोठ्या-गोदामांत तयार होतो.

लोक घेणारच, तर निदान मरू नयेत, असा डच सरकारचा रोकडा हिशोब आहे. म्हणून १९९२पासून इथे अमली पदार्थ तपासून देणारी अधिकृत यंत्रणा आहे. एका डच सहकाऱ्यासोबत मी अशा केंद्रात गेलो होतो. टेबलापलीकडच्या बाईंनी त्याची गोळी चिमट्याने उचलली, जाडी मापली, वजन केलं, रंग आणि वरचं चिन्ह टिपलं आणि संगणकातल्या नोंदींशी ताडून पाहिलं. पोस्टात रजिस्टर पत्र घ्यावं तितक्या निर्विकारपणे. नाव विचारलं नाही. जुळली नाही म्हणून गोळी प्रयोगशाळेत गेली, निकाल आठवड्याभराने.

हा प्रकार पाहून मला आधी हसू आलं होतं. डिसेंबर २०१४ची हकीगत कळल्यावर ते मावळलं. सुपरमॅनचं चिन्ह असलेली एक गुलाबी गोळी तपासणीला आली. तिच्यात एक्स्टसी नव्हतीच, पीएमएमए नावाचं भलतंच विषारी रसायन होतं. देशभर इशारा गेला आणि इथे त्या गोळीने कुणी दगावलं नाही. त्याच गोळ्यांनी नव्या वर्षाच्या सुमारास ब्रिटनमध्ये चौघांचा जीव घेतला. पीएमएमए चढायला वेळ लागतो. काहीच होत नाही असं वाटून माणूस दुसरी गोळी घेतो, आणि तोवर पहिलीने अंग भट्टीसारखं तापवायला सुरुवात केलेली असते.

अस्सल एक्स्टसी म्हणजे बिनधोक, असंही नाही. तिच्यातलं मूळ रसायन, एमडीएमए, शरीराची तापमान सांभाळण्याची व्यवस्थाच बिघडवतं. त्यात कोंदट हॉल आणि तासन्‌तास नाच. ताप चाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेला की स्नायू मोडू लागतात आणि त्यांचा कचरा मूत्रपिंडं तुंबवतो. उलट बाजूने, "पाणी पीत राहा" एवढंच ऐकलेली मुलं लिटरच्या लिटर पाणी रिचवतात. हेच औषध लघवीही अडवतं, रक्तातलं सोडियम घसरतं आणि मेंदूला सूज येते. बायकांना हा धोका जास्त. आणि गोळीवरचं चिन्ह कशाचीच हमी देत नाही. एकाच साच्यातून निघाल्यासारख्या दिसणाऱ्या दोन गोळ्यांत दुपटीचा फरक असू शकतो.

पण आपल्या मुलांच्या बाबतीत मला खरी भीती वाटते ती पावडरची.

महाराष्ट्रात ज्याला 'एमडी' म्हणतात ते मेफेड्रोन. इथे २०१२मध्ये त्यावर बंदी आली (भारतात २०१५मध्ये), आणि त्याचं सख्खं भावंड, ३-एमएमसी, बाजारात उतरलं. ऑक्टोबर २०२१पर्यंत ते इथे राजरोस ऑनलाइन विकलं जायचं. त्यावरही बंदी आली, तर एखादा अणू इकडचा तिकडे केलेली पुढची आवृत्ती हजर. शेवटी जुलै २०२५पासून सरकारने अशा रसायनांच्या अख्ख्या गटांवरच बंदी घातली.

या पावडरींचा अंमल जेमतेम तासभर टिकतो. उतरू लागला की मन लगेच नाकाने ओढायची पुढची रेघ मागतं. एका रात्रीत एक ग्रॅम कधी संपला ते कळतही नाही. इथे तपासणी केंद्र काय कामाचं? पावडर शुद्ध आहे, एवढं ते सांगेल. शुद्ध पावडरचंच व्यसन लागतं.

आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच अडकला. हुशार, घरी नियमित फोन करणारा. पार्ट्या कधीच सुटल्या होत्या. तो एकटाच खोलीत बसून घ्यायचा. आम्हाला दिसलं ते इतकंच की सोमवारी तो कधीच भेटत नसे, नाक कायम चोंदलेलं, आणि स्वयंपाकघराच्या खणात दागिने तोलायचा छोटा काटा. तो काटा मी पाहिला होता आणि कॉफीसाठी असेल असं समजून खण लावून टाकला होता. डच मित्र आपसांत या विषयावर मोकळेपणाने बोलतात. आपली मुलं घरापासून लपवतात, इथल्या मराठी मंडळींपासून तर जास्तच. कुणी सावध करायला उरतच नाही.

उपचारांबद्दल सांगतो, कारण याबाबत गैरसमज फार. हेरॉइन सोडवायला मेथाडोन नावाचं औषध असतं, तसं एमडी-कोकेनसारख्या उत्तेजकांसाठी पर्यायी औषध नाही. भर असतो तो समुपदेशनावर आणि सवयी बदलण्यावर. सोडल्यावर सुरुवातीचे दिवस नुसती झोप, भूक आणि काळवंडलेलं मन. त्या दिवसांत आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, म्हणून माणसाला एकटं ठेवायचं नाही. सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून होते. इथला मूळ आरोग्यविमा असेल तर त्या भेटीचे पैसे पडत नाहीत, पुढच्या उपचारांना मात्र विम्यातली वर्षाची ३८५ युरोंची स्वतःची वाटणी लागू होते. डॉक्टर विद्यापीठाला कळवत नाहीत, आईवडिलांनाही नाही. त्या मुलाला हे कळेपर्यंत एक अख्खं सेमिस्टर गेलं. व्हिसा जाईल या धास्तीनेच तो डॉक्टरकडे जात नव्हता.

हीच धास्ती पार्टीतही घात करते. मित्र तापाने फणफणलाय, बरळतोय, हलवलं तरी जागा होत नाही, आणि बाकीचे "पोलीस येतील" म्हणून त्याला कोपऱ्यात झोपवून ठेवतात. अशा वेळी ११२ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन करायचा. काय घेतलं, किती, कधी, सोबत दारू होती का, हे सगळं खरं सांगायचं. ॲम्ब्युलन्सवाल्यांना उपचारासाठी तेवढंच हवं असतं, आणि गोपनीयतेचा नियम त्यांनाही डॉक्टरांइतकाच लागू आहे.