सेरियमचा तास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर फक्त सर आले. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी. कोणते सर, हे आमच्या बॅचला सांगायला नको.

नववीचा पावसाळा. अर्धा वर्ग गैरहजर. बर्नरचा लायटर ठिणगी देईना, म्हणून सर त्याचा खडा बदलत होते. म्हणाले, "यात सेरियम नावाचा धातू असतो. अणुअंक ५८. परीक्षेला येणार नाही, म्हणून नीट ऐका."

आणि प्रिमो लेव्हीची गोष्ट सुरू झाली. इटलीतल्या तुरीनचा ज्यू मुलगा. १९३८च्या वंशभेदी कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठांची दारं बंद केली. आधीच प्रवेश झालेला म्हणून हा शिकू शकला. १९४१ला रसायनशास्त्राची पदवी मिळाली, पण प्रमाणपत्रावर 'ज्यू वंशाचा' असा शेरा. फेब्रुवारी १९४४मध्ये साडेसहाशे माणसांबरोबर मालगाडीच्या डब्यात कोंडून आउश्वित्झला, जर्मनांच्या छळछावणीत रवानगी. त्यांतले पंचवीससुद्धा परतले नाहीत. हातावर नंबर गोंदला, १७४५१७. हा आकडा सरांनी फळ्यावर लिहिला आणि तास संपेपर्यंत पुसला नाही.

छावणीत त्याची रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा झाली, तीही जर्मनमधून, उपाशीपोटी. पुढे कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. तिथून त्यानं लोखंड-सेरियमच्या कांड्या चोरल्या. तो आणि मित्र अल्बेर्तो रात्री पांघरुणाखाली त्या घासून लायटरचे खडे करत. एका खड्याला एका दिवसाचा पाव.

"म्हणजे सायन्समुळे वाचला!" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. सर एकदम चिडले. "अरे, खडे तर अल्बेर्तोनंही घासले होते ना?" जानेवारी १९४५मध्ये रशियन फौज जवळ आली, तेव्हा जर्मनांनी चालू शकणाऱ्या कैद्यांना बर्फातून हाकत नेलं. अल्बेर्तो त्यात गेला तो गेलाच. लेव्ही स्कार्लेट फीवरनं तापून दवाखान्यात पडला होता, म्हणून मागे राहिला.

घरी पोचायला ऑक्टोबर उजाडला. आठवणी लिहिल्या, तर मोठ्या प्रकाशकानं नाकारल्या. १९४७मध्ये एका छोट्या प्रकाशकानं अडीच हजार प्रती काढल्या. पोटासाठी मात्र रंगांचा कारखाना, निवृत्तीपर्यंत. तांब्याच्या तारेवर चढवायचं इनॅमल, म्हणजे वीजरोधक लेप, तिथे बनायचं.

मी आज तारापूरला तेच इनॅमल बनवतो. आमचा माल पंपांच्या मोटारींत जातो, परदेशीही जातो. हे श्रेय सरांचंच. असा शिक्षक जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

मागच्या वर्षी शाळेत डोकावलो. प्रयोगशाळेच्या जागी स्मार्ट क्लासरूम आहे, बर्नरची ज्योत पडद्यावर दाखवतात. चालायचंच, पण मला ते पटलेलं नाही. मागची खोली रिकामी आहे. तिथे गॅसची लाइन, ओटे आणि सरांच्या नावाची पाटी, एवढा खर्च मी करतो. तसं पत्र मुख्याध्यापकांकडे दिलं आहे. बॅचमधल्या कुणाला हातभार लावायचा असेल, तर त्यांनी स्नेहसंमेलनात मला गाठावं.