संमेलनातला फजितीचा तास

संगणक सुरक्षा दिन १९८८पासून ३० नोव्हेंबरला पाळतात. आम्हा सिक्युरिटीवाल्यांच्या मंडळाचं संमेलनही त्याच सुमारास असतं. स्वागत, अहवाल, अध्यक्षांचे दोन शब्द, हे सगळं दर वर्षी होतंच. नऊ वर्षं मी कार्यवाह आहे, अहवालही मीच लिहितो, पण मी वाट बघतो ती फजितीच्या तासाची.

पहिला मान ज्येष्ठ सरांचा. किस्सा ठरलेला: एमआयटी, १९६६. एकाच संगणकावर पुष्कळ जण काम करत. एक जण लॉगिनच्या वेळी दिसणारी सूचना दुरुस्त करत होता, दुसरा पासवर्डची यादी. एडिटर, म्हणजे फाइल दुरुस्त करायचा प्रोग्रॅम, दोघांच्या तात्पुरत्या फाइलला एकच नाव द्यायचा. इथे सर दोन हातांत दोन कागद धरतात, सावकाश अदलाबदल करतात आणि गप्प उभे राहतात. लॉगिन करील त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड! शेवट आम्हाला पाठ आहे, तरी त्या शांततेत कुणाची खुर्चीसुद्धा वाजत नाही.

मग आरएफसी ३५१४चं वाचन. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे कागद, आणि हा त्यातला एप्रिल फूलचा. १ एप्रिल २००३ला स्टीव्हन बेलोविन यांनी केलेली ही सूचना: दुष्ट हेतूनं पाठवलेल्या प्रत्येक पॅकेटनं, म्हणजे माहितीच्या तुकड्यानं, हेडरमधला (माथ्यावरच्या पत्त्याच्या भागातला) एक रिकामा बिट ०चा १ करावा, म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याला, फायरवॉलला, ओळखायला सोपं. नेटवर्कवाले काका ते न हसता खणखणीत आवाजात वाचतात. दिवसभर लॉग, म्हणजे संगणकाच्या नोंदी, चाळून आलेल्या माणसाला त्या एका बिटाची किती ओढ लागते, ते बाहेरच्याला नाही कळायचं.

हेल्पडेस्कच्या ताईंची नक्कल तर हवीच. कानाशी हात धरून त्या दोन्ही बाजू बोलतात. “पासवर्ड टाकलात का?” “हो, तुम्ही टाकताना पाहिला होता ना, तसाच. आठ तारे.” ताई डोळे मिटून एक श्वास घेतात आणि तितक्याच मायेनं म्हणतात, “बरं, आपण पहिल्यापासून करू या.” तो श्वास मला फार आवडतो.

गेल्या वर्षी एक नवा मुलगा उभा राहिला. फिशिंगच्या, म्हणजे फसव्या मेलला कोण भुलतं ते बघायच्या, चाचणीची मेल त्यानंच लिहिली होती, ‘तुमची रजा मंजूर झाली आहे’. ती ऑफिसभर गेली. तिसऱ्या दिवशी त्याच्याही इनबॉक्समध्ये आली आणि त्यानं आनंदानं क्लिक केलं. त्याचे साहेब पहिल्या रांगेत बसले होते. सभागृह हसून हसून लोळलं, साहेबही. सरांनी विचारलं, “अरे, मग मिळाली का रजा?” असं कुणी आपणहून उभं राहून सांगतं ना, तेव्हा दर वर्षी माझा गळा दाटून येतो. घाबरून मेल लपवणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

एक खंत मात्र सांगतोच. प्रोग्रॅमर मंडळींसाठी चाळीस खुर्च्या राखतो, येतात सात. काही वरिष्ठ फोटोपुरते येतात आणि फजितीचा तास सुरू व्हायच्या आत निघतात.

माइक सांभाळणारे दादा, प्रोजेक्टरची केबल स्वतःच्या घरून आणणाऱ्या मॅडम, दारात नावं लिहून घेणारे दोघे विद्यार्थी, निमंत्रणाची मेल फिशिंग समजून रिपोर्ट करणाऱ्या सगळ्यांना पुन्हा फोन करणाऱ्या वहिनी आणि खुर्च्या उचलणारे सफाई विभागाचे मामा यांच्याशिवाय संमेलन झालं नसतं. अहवालात मामांचा उल्लेख राहिला होता, तो इथे मुद्दाम करतो.

आणि ड्युटीवरचे दोघे. सगळ्यांना येता यावं म्हणून दर वर्षी दोन जण अलर्ट बघत मागे थांबतात. गेल्या वर्षी ताईंची नक्कल ऐन रंगात असताना त्यांचा फोन आला. शंभर हात एकदम खिशाकडे गेले. मी धडधडत्या छातीनं फोन उचलला.

“काही नाही हो, सगळं शांत आहे. ताईंचं सुरू झालं का? फोन जरा माइकजवळ धरा ना.”

मी स्टेजवर जाऊन फोन धरून उभा राहिलो. ताईंनी पहिल्यापासून सुरू केलं.